भाडं उतरवणारा बिबट्या

हिंदुअण्णा मेथीची जुडी घेऊन भाडेकरूच्या दारात उभे राहिले, की शहाण्या माणसानं मेथीकडे न बघता कॅलेंडरकडे बघावं. एरवी अण्णा कुणाला कढीपत्त्याची काडी फुकट देणारे नव्हेत. पण अकरा महिन्यांचा करार संपत आला, की त्यांना मायेचा पाझर फुटे आणि रानातली ताजी मेथी दारोदार जाई. जुडी हातात ठेवायची, "पोरीला खाऊ घाला, रगात वाढतं" म्हणायचं, आणि मग भाडं वाढवायचं. मेथी घेतलेला माणूस भांडायला जरा बिचकतो, हे शिकायला अण्णांना कुठल्या मॅनेजमेंट कॉलेजात जावं लागलं नव्हतं.

जोतीरामनं जुडी घेतली आणि तो फसला.

"औंदा साडेदहा करू," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आठ देतोय मी! एकदम अडीच हजार?"

"रस्ता रुंद हुतोय. पल्याडल्या माळावर नवी कंपनी येतीया. मी कुठं वाढवतोय? गाव वाढतंय."

गाव म्हणायचं म्हणून गाव. चाकणच्या पुढं, एका बाजूला कंपन्यांची शेडं, दुसऱ्या बाजूला अण्णांचा ऊस आणि मधे अण्णांच्या खोल्यांची रांग. निम्मं रान कंपनीला गेल्यावर उरलेल्यातल्या निम्म्यात अण्णांनी खोल्या लावल्या. त्यांचं शेतीशास्त्र साधं होतं: ऊस वर्षातून एकदा तोडायचा, भाडेकरू दर महिन्याला तोडता येतो. शिवाय त्याला खत लागत नाही, आणि पाणीही दिवसाआडच द्यायचं.

जोतीराम मूळचा बार्शीचा. एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर रबरी वायसर हातात घेऊन "हा चालेल, हा नाही" म्हणायचं, असं कामाचं स्वरूप. पण "मी क्वालिटीला आहे" हे तो अशा काही आवाजात म्हणे, की कंपनी त्याच्याच सहीवर चालते असं नव्या माणसाला वाटावं. पाच वर्षांपूर्वी चिखलीतलं भाडं झेपेना म्हणून, "खेड्यात स्वस्त पडेल" असा दूरदृष्टीचा विचार करून तो इथं आला होता. भाडं त्याच्या मागोमाग पुढच्या बसनं आलं.

बायकोनं, म्हणजे विजयश्रीनं, मेथी निवडता निवडता निकाल दिला. "वर्षालीची दहावी आहे. शाळा इथून चालत जाण्यासारखी आहे, तिचा अभ्यास या खिडकीत बसलाय. मार्चपर्यंत मी हे घर सोडणार नाही. आणि साडेदहा तुमच्याच्यानं होणार नाही. आता काय ते बघा."

"बघतो की," जोतीराम म्हणाला. हे वाक्य मध्यमवर्गीय नवरा फार आत्मविश्वासानं बोलतो, कारण बघायचं काय हे त्याला ठाऊक नसतं.

रविवारी तो शेजारच्या भीमराजच्या गाडीवर मागं बसून खोल्या बघायला निघाला. भीमराज परभणीकडचा, प्रेस शॉपला ऑपरेटर, अण्णांच्याच रांगेत राहणारा. त्यालाही मेथी मिळालेली होती. चिखलीत एक जागा सहाव्या मजल्यावर निघाली. लिफ्ट 'येणार' होती, पाणी 'येत असतं' आणि एजंटाचा एक महिना आधी. मोशीत एका मालकीणबाईंनी जोतीरामला तासभर उभं करून विचारलं: गाव कुठलं, पगार किती, कोंबडी शिजवता का, पाहुणे मुक्कामी राहतात का, मुलगी फोनवर हळू बोलते ना. सगळ्या प्रश्नांत जोतीराम पास झाला. मग भाडं ऐकलं, तर ते अण्णांच्याहून जास्त.

भीमराजला एवढे प्रश्न कुणी विचारत नसे. त्याला एकच विचारत: आडनाव. ते सांगितलं, की खोली नेमकी 'कालच गेलेली' असे.

"माझं बरंय भावा," किक मारत भीमराज म्हणाला. "दोन मिनिटांत सुट्टी. तुझ्यासारखं तासभर उभं ऱ्हावं लागत नाही." तो हसला. जोतीराम हसला नाही, त्याला ते फार लागलं. अण्णा या बाबतीत बरे होते. ते कुणाचं आडनाव विचारत नसत, सगळ्यांना सारखंच लुटत.

परतताना चहाला थांबले, तेव्हा भीमराज सहज बोलून गेला, "माझ्या साडूच्या गावात उसात बिबट्या निघाला होता. भाडेकरू असे पळाले राव, की मालक हातापाया पडून निम्म्या भाड्यात लोक ठेवून घेत होते."

तो बोलला आणि विसरला. जोतीरामच्या हातातला चहा मात्र तसाच निवत राहिला.

आता जोतीराम खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. आयुष्यात त्यानं एकही खराब वायसर पास केला नव्हता. पण 'दिसला' आणि 'दिसल्यासारखं वाटलं' यांत फरक आहे की नाही? पहिलं खोटं, दुसरं म्हणजे निव्वळ निरीक्षण. आणि वाटण्यावर अजून तरी अण्णांनी भाडं लावलेलं नव्हतं. तिसरी शिफ्ट करून सकाळी परतताना तो कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "उसात काहीतरी हललं राव. पिवळसर होतं."

टपरीवाल्याचा हात गाळणीवर थांबला. "ठिपके व्हते?"

जोतीरामनं चहाचा एक लांब घोट घेतला. "अंधुक होतं. पण नव्हते असं म्हणता येणार नाही."

बास. एवढंच बोलला बिचारा. पुढचं सगळं गावानं केलं. नाश्त्याच्या वेळेपर्यंत बिबट्याला शेपूट फुटलं, दुपारी मादी आणि दिवेलागणीला दोन पिल्लं. अण्णांच्या म्हाताऱ्या आई मंजुळाबाई, ज्यांना समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, त्यांनी बिबट्याला हौदावर पाणी पिताना बघितलं. "ह्यो एवढा व्हता. माज्याकडं बघून गेला, पर काय म्हणला न्हाई," असं त्या सांगू लागल्या. मोबाइलवर एक फोटो फिरला. त्यात बिबट्यामागं नारळाची झाडं होती, पण घाबरलेला माणूस झाडं कुठं बघतो?

विजयश्रीनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुम्ही खरंच बघितलात?"

"मी फक्त म्हणालो, हललं."

"काय हललं?"

"ऊस."

"वाऱ्यानं?"

जोतीरामनं जेवायला वाढायला सांगितलं. बायकोला एवढं पुरेसं होतं. तिनं भाकरी वाढली, पण जोतीरामला ती गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी वनखात्याचा गणराज नावाचा माणूस आला. तरुण, सज्जन, आणि वाईट गोष्ट म्हणजे कामसू. त्यानं ठसे शोधले, सापडले नाहीत. "मग साक्षीदाराचा जबाब घेऊ," म्हणत तो जोतीरामच्या ओट्यावर बसला. भोवती सगळी आळी.

"अंतर किती होतं?"

"असेल... इथून त्या मोटारसायकलपर्यंत."

"नर की मादी?"

"तेवढी ओळख झाली नाही."

"शेपूट वर होतं की खाली?"

जोतीराम आयुष्यभर 'चालेल, नाही' एवढंच सांगत आलेला. तो म्हणाला, "मध्यम." गणराजनं तेही लिहून घेतलं. मग कागद पुढं करून तो नम्रपणे म्हणाला, "सरकारला खोटी माहिती देणं गुन्हा आहे, हे वाचून सही करा." जोतीरामनं सही केली. एवढी वाकडी सही त्यानं लग्नातसुद्धा केली नव्हती.

पिंजरा यायला ग्रामपंचायतीचा ठराव लागला, ठरावाला सरपंच लागले, सरपंच लग्नाला गेले होते. शेवटी पिंजरा आला, तर प्रश्न पडला, ठेवायचा कुठं? गणराज म्हणाला, "ज्याला प्रथम दिसला, त्याच्या घराजवळ." सगळ्यांनी जोतीरामच्या दाराकडे बोट केलं. दारासमोर, वर्षालीच्या खिडकीपासून चार हातांवर, उसाला तोंड करून पिंजरा बसला. त्यात शेळी बांधायची. ती कुणी द्यायची? "ज्यानं बगितला त्येनं," असं मंजुळाबाईंनी ठरवलं, आणि जोतीरामच्या दिवाळीच्या बोनसमधून शेळी आली.

शेळीला एकटेपणा सोसवत नव्हता. ती सबंध रात्र ओरडे. वर्षाली कानात कापूस घालून भूमिती करायची. "बाबा, हिला तरी सांगा ना, बिबट्या येणार नाही म्हणून," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली. पोरीला ठाऊक होतं तर! जोतीराम बाहेर जाऊन शेळीला पाला घालत बसला.

इकडं कंपनीच्या बसनं गावात यायचं बंद केलं. "धोका आहे," म्हणे. मग तिसऱ्या शिफ्टवाल्यांनी फाट्यापासून घोळक्यानं, हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चालत यायचं. साक्षीदार म्हणून जोतीराम सगळ्यात पुढं. क्वालिटीचा माणूस हातात सोटा आणि खिशात लावणी घेऊन चिखल तुडवतोय, हे त्याच्या सुपरवायझरनं गाडीतून बघितलं आणि काच वर केली. चौथ्या दिवशी पिंजऱ्याचं दार धाडकन पडलं. गाव लोटलं. आत अण्णांचा कुत्रा होता आणि शेळी त्याला चाटत होती.

पण एवढ्या हालांचं चीज झालं, हेही खोटं नाही. रांगेतल्या पाच खोल्या रिकाम्या झाल्या. शेजारच्या मळ्यातले मालक दारात पाटी लावून बसले. एके सकाळी अण्णा आले, आणि हातात मेथी नव्हती. "जोतीराम, तुमी जुनी माणसं. राहू द्या आठच," ते खाली बघत म्हणाले. "भीमराजलाबी सांगा."

त्या दिवशी जोतीरामनं पावशेर जिलबी आणली. भीमराजला मिठी मारली. आरशात बघून मिशीवरून हात फिरवला. ज्या हिंदुअण्णांपुढं गाव चळचळा कापतं, त्यांना आपण नमवलं! विजयश्रीनंसुद्धा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "चला, मार्चपर्यंतचं तर झालं."

आठवडाभर तो सुखात होता.

मग शनिवारी हिंजवडीहून एक लांबलचक गाडी आली. तिच्यातून टोप्या, दुर्बिणी आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेली चार माणसं उतरली. "इथंच आहे ना तो लेपर्ड?" त्यांनी विचारलं. दिवसभर ती पिंजऱ्यापुढं उभी राहून स्वतःचे फोटो काढत होती. अण्णांच्या सुनेनं, अंजलीनं, त्यांना पिठलं-भाकरी घातली. जाताना त्यांनी तिच्या हातात ज्या नोटा ठेवल्या, त्या बघून अंजलीनं सासऱ्यांना आत बोलावलं. अंजली बी.कॉम. होती.

पुढच्या शनिवारी पाच गाड्या. रिकाम्या पाच खोल्यांना गेरू लागला, भिंतीवर वारली माणसं नाचू लागली, पंखे निघाले आणि कंदील आले. ज्या खोल्यांत कामगार तक्रार करायचे की भिंतीला ओल येते, तिथं आता पाहुणे भिंतीला हात लावून "किती नॅचरल!" म्हणत. एका रात्रीला चार हजार. जोतीरामनं मनातल्या मनात महिन्याचा गुणाकार करून पाहिला आणि मधेच सोडून दिला.

आणि मग एके दिवशी अण्णा पुन्हा त्याच्या दारात.

"जोतीराम, खोली मोकळी करा."

"का? आठ ठरलेत ना!"

"ठरल्यात. पर ह्या खिडकीतनं पिंजरा दिसतोय. पाव्हण्यांना हीच पायजे. मोक्याची खोली हाय ही तुमची."

जोतीरामनं आत वर्षालीकडं बघितलं. पोरीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. त्याला स्वतःचा इतका राग आला, की तो तडक विहिरीवर गेला. अण्णा मोटार चालू करत होते. भोवती भीमराज होता, दोन-चार माणसं होती, पण जोतीरामला आता कशाची पर्वा नव्हती.

"अण्णा, बिबट्या नाही! मी खोटं बोललो. काही दिसलं नव्हतं मला."

अण्णांनी शांतपणे बटण दाबलं. "मला काय सांगताय? ऊस माजा हाय. रोज रात-पाळीला पाणी धरतोय त्यात. बिबट्या असता तर मी धरलं असतं व्हय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तवा कुणी ऐकलं नसतं. माज्या आईनंच बगितला म्हणल्यावर मी काय बोलणार? आन आता कशाला बोलू?" अण्णांनी गाड्यांकडं हनुवटी उडवली. "तुमी सांगा की समद्यांना. त्यो गणराज हाय, त्याला बी सांगा. सही केलीया न्हवं तुमी? बिबट्या नसला तर खोली साडेदहाला, रस्ता रुंद हुतोयच. असला तर रातीला चार हजार. तुमीच ठरवा, तुमाला कंचं परवडतंय."

भीमराज हळूच म्हणाला, "चल भावा." जोतीराम चालू लागला. चालण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

सोडवणूक केली ती विजयश्रीनं. ती पदर खोचून अण्णांच्या ओसरीवर गेली. जोतीराम मागं.

"अण्णा, पाहुण्यांना बिबट्या सांगतं कोण?"

"अंजली सांगती."

"अंजलीनं सांगितला तर जाहिरात वाटते. ह्यांनी डोळ्यांनी बघितलाय. ह्यांचा सरकारी जबाब आहे."

"अगं, पण तुला माहितीये मी..." जोतीराम म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आत्तापर्यंत फुकट सांगत होतात." मग ती अण्णांकडं वळली. "मागची वैरणीची खोली आम्हाला द्या. आठ हजारांतच, मार्चपर्यंत. दर शनिवारी हे बिबट्या सांगतील."

अण्णांनी थोडा वेळ सुपारी कातरली आणि मान हलवली. शब्द दिला.

झालं. जोतीरामचा संसार वैरणीच्या खोलीत गेला. वर पत्रा, मागच्या भिंतीला लागून ऊस. खिडकी नव्हती, पण शेळीही लांब होती, त्यामुळं वर्षालीचा अभ्यास निदान होऊ लागला. आणि दर शनिवारी दिवेलागणीला शेकोटीपाशी जोतीरामचा कार्यक्रम होऊ लागला. अंजलीनं त्याला पँट-शर्टात बसू दिलं नाही. "काका, ऑथेंटिक दिसायला पाहिजे," म्हणून खांद्यावर घोंगडी टाकली आणि डोक्याला मुंडासं बांधलं. बार्शीच्या भर बाजारपेठेत वाढलेला, म्हशीला वळसा घालून जाणारा जोतीराम, क्वालिटीचा माणूस, घोंगडीत खाजवत बसे आणि पाहुण्यांची पोरं त्याला विचारत, "काका, तुम्ही कधी सिटीमध्ये गेलात का?"

त्याला फार अपमान वाटे. पण पोरगी मागं वाचत असे, तिचा आवाज कानावर आला की तो पुढचं वाक्य बोले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी निरंजन आणि मोनिका नावाचं जोडपं आलं होतं. जोतीरामनं नेहमीप्रमाणं निम्मा बिबट्या उसाबाहेर काढला होता, तेवढ्यात मोनिका नवऱ्याला म्हणाली, "निरंजन, काय शांतता आहे रे! वर्क फ्रॉम होमला आपण इथंच महिन्यानं काहीतरी घेऊया का? हिंजवडीत आपण पंचेचाळीस भरतो. इथं वीस-पंचवीसमध्ये होऊन जाईल."

शेकोटीपलीकडं बसलेल्या अण्णांनी मान वर केली.

जोतीरामनं ते बघितलं. ही माणसं महिन्यानं राहायला लागली, तर या गावात आठ हजार हा शब्दच उरणार नाही. मार्च राहिला बाजूला, एप्रिलमध्ये आपण कुठं, भीमराज कुठं? यांना पळवलंच पाहिजे. तो घोंगडी झटकून पुढं सरकला आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून खोटं बोलला.

"ताई, चुकूनसुद्धा राहू नका इथं! शनिवारची गोष्ट वेगळी. कालचंच सांगतो. आम्ही तिघं मागच्या खोलीत होतो. पहाटे भिंतीला काहीतरी घासलं. खर्रर... खर्रर... तो पाठ घासत होता हो, भिंतीला! मधे वीतभर वीट. त्याचा श्वास आत ऐकू येत होता. माझ्या पोरीनं माझा हात असा धरला. मग एकदम पत्र्यावर धप्पकन! वरून चालत गेला, नखं वाजवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पत्रा असा खाली वाकला. आम्ही ओरडायचंसुद्धा विसरलो. गरीब माणसं आम्ही, आम्हाला दुसरी जागा नाही. पण तुम्ही तरी जिवाला जपा."

शेकोटीतलं लाकूड तडकलं तर निरंजन दचकला. मोनिकेचे डोळे विस्फारले होते, हातावर काटा आला होता. जोतीरामला बरं वाटलं. जमलं एकदाचं.

"काका," मोनिका कुजबुजली, "ती मागची खोली... ती बुक करता येईल?"

सगळे पाहुणे एकदम तिकडं वळले. वैरणीच्या खोलीच्या दारात बल्बचा उजेड पडला होता आणि आतून वर्षालीचा आवाज येत होता. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.

जोतीरामनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतराची धूळ झटकली आणि अदबीनं म्हणाले,

"ताई, ती खोली जरा म्हाग पडंल."